मदत हवी आहे: नववीला भूपट्ट आणि भूकंप शिकवताना बिस्किटाच्या मॉडेलऐवजी काय करावं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. नववीचा 'अंतर्गत हालचाली' हा पाठ आणि विज्ञानाच्या तासाला भूकंपलहरी असं जोडून घ्यायचं ठरलंय. मुंबईतली मराठी माध्यमाची शाळा, वर्गात साठ मुलं, ३५ मिनिटांच्या तीन तासिका. प्रयोगशाळा मिळेलच असं नाही, त्यामुळे जे करायचं ते बाकांवर.

क्रीम बिस्किटाचं मॉडेल (बिस्किटाचे तुकडे म्हणजे भूपट्ट, पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे मोठे तुकडे; क्रीम म्हणजे त्यांच्याखालचं प्रावरण) करून झालंय. मुलांना आवडतं, पण उत्तरपत्रिकेत "भूपट्ट लाव्हारसावर तरंगतात" असं हमखास येतं. शिवाय दोन प्रश्न दरवर्षी येतात. एक, भूकंप भूपट्टांच्या सीमेवर होतात तर मग किल्लारी आणि कोयनेला कसे झाले? दुसरा, अंधेरीची गिल्बर्ट हिल लाव्हाची आहे, म्हणजे मुंबईखाली ज्वालामुखी आहे का?

नुसतं बोलून नाही, मुलांच्या हाताने करून पटेल असं काही सुचवा. साहित्य हार्डवेअरच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं हवं.

सह्यकडा

बिस्किटात घोटाळा क्रीमचा आहे. क्रीम मऊ, म्हणून मुलं प्रावरण द्रव धरतात. प्रावरण घन आहे. फक्त अतिशय सावकाश, लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतं. याचा पुरावा मुलांच्या पुस्तकातच आहे: भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून जातात आणि सुमारे २९०० किमीवर, बाह्य गाभ्याशी थांबतात. हे एक वाक्य फळ्यावर लिहून "मग प्रावरण द्रव की घन?" एवढंच विचारा. उत्तर मुलं स्वतः काढतात आणि स्वतः काढलेलं विसरत नाहीत.

जाडीचाही अंदाज द्या. वहीत ६.४ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर १ मिमी म्हणजे १०० किमी. भूपट्ट साधारण तेवढाच, म्हणजे पेन्सिलीची जरा ठसठशीत रेघ.

गिल्बर्ट हिलचा प्रश्न तर सोन्यासारखा आहे, त्याचं गणित करून घ्या. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर आला, तेव्हा भारताचा भूपट्ट ज्या तप्त स्थळावर (खोलातून तप्त शिलारस वर येण्याच्या जागेवर) होता ते आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे ज्वालामुखी मागे राहिला आणि त्याने ओतलेला खडक घेऊन आपण पुढे आलो. रियुनियन २१° दक्षिण, मुंबई १९° उत्तर: फरक ४० अंश. एका अंशाला १११ किमी धरले तर सुमारे ४४०० किमी. भागिले साडेसहा कोटी वर्षं: वर्षाला जवळपास ६.८ सेंमी. ही ढोबळ सरासरी आहे. सुरुवातीला वेग बराच जास्त होता, आज तो ५ सेंमीच्या आसपास आहे. भागाकार मुलांकडूनच करवून घ्या. किमीचे सेंमी करताना शून्यं चुकतात, तिथे थांबा.

किल्लारीसाठी थर्मोकोल. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधला ३० सेंमी लांब, ५ सेंमी उंच तुकडा घ्या. समोरच्या बाजूवर स्केचपेनने तीन-चार आडव्या रेघा मारा, हे खडकांचे थर. (ऑइल पेंट वापरू नका, थर्मोकोल विरघळतो.) मग मधोमध कटरने बाकाच्या पातळीशी ३० अंशांचा कोन करणारा तिरपा छेद द्या. हॅक्सॉ ब्लेडने कापलं तर दाणे सुटतात आणि कडा खडबडीत होते. छेदाच्या दोन्ही तोंडांवर सेलोटेप गुळगुळीत लावा, तुकडे जुळवून बाकावर ठेवा आणि दोन्ही टोकांना जाड पुस्तकं लावून आत ढकला. वरचा तुकडा छेदावरून चढतो, रेघा तुटून वर-खाली होतात.

मुलांना विचारायचं ते असं: जोर कुठे लावला? टोकांना. हललं कुठे? मध्ये. भारताच्या भूपट्टाची उत्तर कड हिमालयाशी अडली आहे, दक्षिणेकडून रेटा चालूच आहे. तो ताण सगळ्या भूपट्टात पसरतो आणि आतल्या जुन्या, कमजोर विभंगावर (खडकातली भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात) मोकळा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हेच झालं, तेही अशाच उलट्या विभंगावर. छेद ६० अंशांचा केलात तर तुकडे अडकून बसतात, कारण ढकलण्याचा बराचसा जोर छेदावर दाब देण्यातच जातो. एका गटाला मुद्दाम ६०चा द्या, चांगली चर्चा होते.

कोयनेचं कारण याहून थोडं वेगळं, ते दुसऱ्या प्रतिसादात लिहितो.

प्रयोगवही

माझ्या मते तीनपैकी एक पूर्ण तासिका "अडकणे आणि सुटणे" याला द्यावी. भूकंप म्हणजे नेमकं काय ते यात कळतं, बाकीच्या मॉडेलांत फक्त आकार कळतो.

एका गटाला लागणारं साहित्य: साधारण १० × १० सेंमीचा, ३-४ सेंमी जाड लाकडी ठोकळा (सुताराकडे तुकडे पडलेले असतात), एक छोटा स्क्रू-हुक, ८० नंबरचा पॉलिश पेपर, तीन बारीक रबरबँड, रिळाचा जाड दोरा, गोल पेन्सिल आणि कागदी मोजपट्टी. पॉलिश पेपर रोलमधून कापडी पाठीचा घ्या, मीटरवर मिळतो. ६० सेंमीची पट्टी बाकावर चिकटपट्टीने पक्की करा, एक तुकडा ठोकळ्याच्या तळाला लावा. हुक ठोकळ्याच्या पुढच्या बाजूला, तळापासून सेंमीभर उंचीवर. वर लावला तर ठोकळा पुढे वाकतो आणि सगळी मापं चुकतात. हुकाला रबरबँडची साखळी, तिला दोरा, दोरा पेन्सिलीला.

आता पेन्सिल एका जागी धरून सावकाश फिरवायची, सेकंदाला साधारण एक सेंमी दोरा गुंडाळला जाईल इतकी. हाताने ओढू देऊ नका; हात झटके देतो आणि मग धक्का हाताचा की ठोकळ्याचा ते कळत नाही. रबर ताणलं जातं, ठोकळा हलत नाही, हलत नाही, आणि एकदम सटकन पुढे येतो. प्रत्येक वेळी दोनच नोंदी: सुटण्याआधी रबराची लांबी आणि ठोकळा किती सरकला. वीस नोंदी झाल्या की स्तंभालेख.

सहाजणांच्या गटात एक गुंडाळणारा, एक रबर वाचणारा, एक सरकणं वाचणारा, एक लिहिणारा. दहा नोंदींनंतर उरलेल्या दोघांशी अदलाबदल. चष्मा नसलेल्या मुलांना रबरापासून हातभर लांब ठेवा, तुटलं तर डोळ्याकडे उडतं.

आलेख काढून झाल्यावर विचारा: पुढचा धक्का कधी बसेल? साधारण ताण सांगता येतो, नेमका क्षण नाही. तोच ठोकळा, तोच कागद, वेगही सारखा, तरी अंतरं सारखी येत नाहीत. "अमुक तारखेला भूकंप येणार" असे मेसेज मोबाइलवर फिरतात, त्यांना मुलांकडे यानंतर स्वतःचं उत्तर असतं.

सह्यकडा

कोयनेबद्दल. शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी अडवल्यानंतर त्या भागात धक्के वाढले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, त्याचं परिमाण ६ च्या वर होतं. जलाशयाने चालना दिलेल्या भूकंपाचं हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे. "धरणामुळे भूकंप झाला" असं मात्र सरसकट लिहू देऊ नका. ताण आधीच साठलेला होता. पाण्याच्या वजनाने आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने विभंगाची पकड ढिली झाली. प्रयोगवही यांच्याच ठोकळ्यावर दाखवता येतं: रबर ताणून, ठोकळा सुटायच्या जरा आधी थांबा आणि त्याच्यावर ठेवलेलं वजन अलगद उचला. ओढणं तेवढंच, तरी ठोकळा सुटतो. यासाठी सुरुवातीपासून २०० ग्रॅमचं वजन वर ठेवलेलं हवं. कऱ्हाडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीने याच अभ्यासासाठी कोयना भागात ३ किमी खोल छिद्र घेतलं आहे, तेही सांगा. संशोधन आपल्याच राज्यात चालतं हे मुलांना माहीत नसतं.

खडूफळा

दोघांचेही मनापासून आभार. थर्मोकोल लगेच जमला. ठोकळ्याची चाचणी घेतली तर तो अडकतच नाही, सरळ घसरत येतो. आणि अपिकेंद्र (भूकंप जिथे सुरू झाला त्याच्या बरोबर वरची जमिनीवरची जागा) शोधण्याचा नकाशा कोणी सांगेल का? पुस्तकातल्या उदाहरणात परदेशी शहरं आहेत.

प्रयोगवही

घसरतो याचा अर्थ बहुतेक वेळा रबर फार कडक. जाड रबरबँड लावले असतील तर काढून बारीक लावा, साखळीत आणखी एक वाढवा. तरी घसरला तर वजन वाढवा. आणि कागद तपासा: पन्नासेक फेऱ्यांनंतर खर मरते, बोट फिरवलं की कळतं. पावसाळ्यात साध्या कागदी पाठीचा पॉलिश पेपर दमट हवेने वळतो आणि कडा उचलल्या जातात, म्हणूनच कापडी सांगितला. वापर झाला की झिपच्या पिशवीत ठेवा.

भूलहर

अपिकेंद्रासाठी महाराष्ट्रच घ्या. भूकवचात प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ किमी, दुय्यम सुमारे ३.५ किमी जातात. त्यामुळे दोन्ही पोचण्यातल्या फरकाचे सेकंद गुणिले ८ म्हणजे अंतर किमीमध्ये. सरावासाठी हे फरक द्या: मुंबई २६ सेकंद, पुणे १६ सेकंद, सोलापूर २९ सेकंद. अंतरं येतील २०८, १२८ आणि २३२ किमी. १ सेंमी = २० किमी प्रमाणाच्या नकाशावर त्रिज्या १०.४, ६.४ आणि ११.६ सेंमी. वर्तुळं कोयनानगरच्या आसपास मिळतात. आकडे सरावापुरते आहेत, खऱ्या नोंदी नव्हेत, हे मुलांना आधीच सांगा.

हमखास बिघडतं ते झेरॉक्समध्ये. नकाशा लहान-मोठा होतो, प्रमाण बदलतं आणि वर्तुळं भलतीकडे मिळतात. वाटण्याआधी मुंबई-पुणे हवाई अंतर मोजा: १२० किमी, म्हणजे ६ सेंमी यायला हवं. मुंबई आणि पुण्याची वर्तुळं एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात, त्यातलं खरं कोणतं ते सोलापूर ठरवतं. म्हणून सोलापूर शेवटी काढायला लावा, आधी दोनांवर अंदाज लिहून घ्या. तीन वर्तुळं अगदी एका बिंदूत येणार नाहीत, छोटा त्रिकोण राहील. तो चूक म्हणून खोडायला लावू नका. ८ हा आकडाच ढोबळ आहे, शिवाय नाभी, म्हणजे भूकंप सुरू होतो ती जागा, जमिनीखाली असते.

वेळ उरला तर जपानचा एक छेद काढून घ्या. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर भूकंपांची यादी उतरवता येते. अक्षांश ३६ ते ४० उत्तर, रेखांश १३० ते १४५ पूर्व, परिमाण ५ च्या वर. त्यातले चाळीसेक निवडा, पण उथळ आणि खोल दोन्ही येतील असे पाहा. आलेखाच्या कागदावर आडवं रेखांश, उभं खोली (शून्य वर). बिंदू पूर्वेकडून पश्चिमेकडे खाली उतरत जातात. खाली जाणारा भूपट्ट मुलांना स्वतःच्या पेन्सिलीने दिसतो.

खडूफळा

हे फार उपयोगी आहे. शेवटची शंका: भूपट्ट का हलतात याचं उत्तर बोर्डाला संवहन प्रवाह (तापून वर येणारं आणि थंड होऊन खाली जाणारं प्रावरण) असं हवं असतं. इंटरनेटवर मुलं वेगळं वाचून येतात.

सह्यकडा

परीक्षेत संवहन प्रवाहच लिहू द्या, ते चूक नाही. फक्त उकळत्या पाण्याच्या चित्रासारखं "खालचा प्रवाह भूपट्टाला वाहून नेतो" एवढ्यावर थांबू नका. थंड, जड झालेला भूपट्ट खाली जाताना मागचा भाग ओढतो, आणि ही ओढ सगळ्यात मोठ्या बलांपैकी एक आहे. बुडणारा भूपट्ट हाच त्या संवहनाचा खाली जाणारा हात, एवढं सांगितलं की दोन्ही उत्तरं एकत्र बसतात. जपानचा आलेख याच्या आधी झाला असेल तर जास्त सांगावं लागत नाही, म्हणून तासिकांचा क्रम ठोकळा, नकाशा, मग हा भाग असा ठेवा. थर्मोकोल पहिल्याच तासिकेत शेवटची दहा मिनिटं पुरतो.