काकांचा ट्विन रिव्हर्ब: जुने भाग बदलावेत की जपावेत?

डिचोलीकर
माझे काका तारवटी होते. बोटीवरच्या नोकरीत असताना त्यांनी अमेरिकेतून आणलेला फेंडर ट्विन रिव्हर्ब हा १९६० च्या दशकातला व्हॉल्व्हचा (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचा) गिटार ॲम्प कित्येक वर्षे आमच्या माळ्यावर पडून होता. खाली उतरवताना आम्हा दोघांच्या कमरा धरल्या. आपल्या विजेचे व्होल्टेज अमेरिकन ॲम्पपुरते उतरवणाऱ्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर लावला, तर गिटार जोडण्याआधीच मोठी घरघर सुरू झाली, म्हणून लगेच बंद केला. मडगावच्या कारागिराचे म्हणणे असे, की आतले सगळे कपॅसिटर (वीज साठवून सोडणारे छोटे भाग) बदलावेत आणि दोन तारांची केबल काढून अर्थिंगची तीन तारांची घालावी. एका संग्राहकाचा निरोप मात्र असा आहे, की आतल्या एकाही सांध्याला सोल्डरिंग आयर्न लागले, तर तो निम्मी किंमतही देणार नाही. मी कारागिराच्या बाजूचा आहे. मला ॲम्प विकायचा नाही, चवथीनंतर वाजवायचा आहे. मग त्याच्या मूळपणाची काळजी मी कोणासाठी करू?

खाजनकाठ
आपल्या कारागिराशी मी अर्धाच सहमत आहे. वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेच लागतील, कारण आतला द्राव सुकला की ते विजेतली स्पंदने गाळू शकत नाहीत आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झची घरघर स्पीकरमध्ये उतरते. पण ‘सगळे’ हा शब्द ऐकला की मला धास्ती वाटते. सिग्नलच्या, म्हणजे गिटारच्या सुराच्या, वाटेवरचे निळे कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक नसतात आणि इतक्या वर्षांनंतरही ते बहुधा ठणठणीत निघतात. तरीही कारागीर ते उपटतात, कारण एकेक तपासण्यापेक्षा सरसकट बदलणे सोपे. माझ्या स्वतःच्या ॲम्पचे असेच झाले. जुने भाग मागायला गेलो, तेव्हा ते केव्हाच कचऱ्यात गेले होते. किंमत बाजूला ठेवा. कारखान्यात झाळलेला सांधा एकदा वितळला की तो कसा होता हे पुन्हा कोणालाच पाहता येत नाही.

घाईत
एवढा खटाटोप कशाला? त्यापेक्षा जुन्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारा हलका डिजिटल मॉडेलिंग ॲम्प घ्यावा.

साडेचारशे व्होल्ट
‘घाईत’ यांचा सल्ला कमरेच्या दृष्टीने उत्तम आहे, पण प्रश्न तो नाही. खाजनकाठ यांचे निळ्या कपॅसिटरविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, एका अटीवर: त्यांतून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) झिरपत नाही हे मीटरने पाहिलेले असावे. स्पीकर चालवणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या आतल्या जाळीवर, ऋण व्होल्टेज हवे असते. कपॅसिटर गळू लागला की ते कमी होते, व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर प्रवाह ओढतो, त्याची प्लेट (प्रवाह झेलणारा आतला पत्रा) लालबुंद होते आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मरचाही बळी जाऊ शकतो.

केबलच्या बाबतीत मात्र मी तडजोड मानत नाही. त्या काळच्या अमेरिकन ॲम्पमध्ये विजेची एक तार आणि चॅसी (भाग बसवलेला धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, ज्याला जगभरचे कारागीर ‘डेथ कॅप’ म्हणतात. तो शॉर्ट झाला आणि प्लग उलटा बसलेला असला, तर वीज चॅसीतून थेट गिटारच्या तारांवर येते. जत्रेच्या रंगमंचावर, ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून माइकला ओठ लावणाऱ्या वादकाला हे मूळपण काय कामाचे? आपला स्टेप-डाऊन ऑटोट्रान्सफॉर्मर (एकाच गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर) असेल, तर तो विजेपासून विलगही करत नाही. शिवाय तो व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. ६० हर्ट्झसाठी केलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो, तेव्हा पहिल्या तासाभरात त्यावर हात ठेवून पाहा.

आता गोव्याची गोष्ट. ज्या काळ्या फायबर बोर्डावर हे भाग झाळलेले असतात, तो दमट हवेत ओलावा धरतो आणि थोडी थोडी वीज वाहू लागतो. ॲम्प चालू ठेवून, मीटरची काळी तार चॅसीला आणि लाल टोक दोन सांध्यांमधल्या नुसत्या, कोऱ्या बोर्डावर टेकवावे. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवे. मी एका जुलैत अकरा व्होल्ट पाहिले आहेत, आणि त्या ॲम्पची करकर व्हॉल्व्ह बदलून थांबत नव्हती यात नवल नव्हते. (आत साडेचारशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते साठून राहतात. हे काम सरावाच्या माणसानेच करावे.) असा बोर्ड बदलावा असे माझे मत आहे.

डिचोलीकर
काल कारागिरासमोर बसून तपासणी केली. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज हळूहळू चढवले. इलेक्ट्रोलिटिक गेलेलेच निघाले, ते बदलले, केबल तीन तारांची केली आणि तो डेथ कॅप काढला. निळ्यांपैकी एकच गळत होता, तेवढाच बदलला; काढलेले सर्व भाग बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहेत. घरघर गेली. बोर्डावर मात्र चार व्होल्ट दिसतात आणि मंद करकर ऐकू येते.

खाजनकाठ
डब्याबद्दल आभार. पण चार व्होल्टांसाठी बोर्ड उपटू नका. पावसाळा संपू द्या, हेअर ड्रायरने मंद आचेवर सुकवा आणि नोव्हेंबरात पुन्हा मोजा.

साडेचारशे व्होल्ट
आणि पुढच्या जूनमध्ये?

खाजनकाठ
पुढच्या जूनमध्ये पुन्हा सुकवावा. बोर्ड बदलला की तो काकांचा ॲम्प राहणार नाही, हे माझे मत मी मागे घेत नाही.