मुलांच्या कल्पनांवरून शहराचा चित्रनकाशा केलाय कुणी? अनुभव लिहा

रेघोटी
काल कपाट आवरताना घडीचा एक कागद हातात आला. उलगडला तर अकरा वर्षांपूर्वीच्या नकाशाचं प्रूफ. शहराचा चित्रनकाशा, मुलांनी सांगितलेल्या जागांचा. चित्रं माझी. आवरणं राहिलं बाजूला, तासभर फरशीवरच बसले.

बारा ते सतरा वयाची तीसेक मुलं होती. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून छापील नकाशे वाटले, म्हटलं आवडत्या जागांवर खुणा करा. सगळ्यांचं एकसारखं: बाग, ग्रंथालय, पुतळा. पाहुण्यांना दाखवायचं शहर. दुसऱ्या दिवशी कोरे कागद दिले. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा, चुकला तरी चालेल, खोडरबर मिळणार नाही. मग कुठे खरं बाहेर यायला लागलं. आत शिरता येईल अशी तुटकी भिंत. दुपारी सावलीचा असतो तो जिना. रेंज येत नाही म्हणून घरचे गाठू शकत नाहीत तो कोपरा. आणि एक भुंकणारा कुत्रा, पाच जणांच्या कागदावर तोच!

एका मुलाने एका गल्लीवर नुसतं काळं गिरवलं होतं. "दिवा नसतो," एवढंच म्हणाला. बैठकीत मोठ्यांचं म्हणणं पडलं, बाहेरच्यांच्या हातात जाणार नकाशा, हे कशाला? मी तिथे दोन झाडं काढली. चांगली जमली होती. नकाशा छापून आला तेव्हा त्याने उलगडून आधी ती गल्ली शोधली, मग घडी घालून खिशात टाकला. बोलला काहीच नाही.

काल नेमकी तीच झाडं आधी दिसली. तुम्ही असं काही केलं असेल, किंवा लहानपणी तुमच्याकडून कुणी करवून घेतलं असेल, तर लिहा.

निवांत_नाही
फोटो???

घडीमोड
छपाईत आहे म्हणून सांगतो. घडी आधी ठरवा, चित्र नंतर. आमच्याकडे असाच एक नकाशा आला होता, शहरातला मुख्य चौक बरोब्बर दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे. थोडे दिवस वापरला की तिथेच भोक. चौक गायब! मुलांच्या स्केचपेनचा झगझगीत निळा आणि पोपटी छापताना मरतो, चार शाईंत तो बसतच नाही. हे मुलांना आधी सांगा, नंतर त्यांचे चेहरे बघवत नाहीत. चित्रं ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका, कडा वाकतात. चारही बाजूंनी ३ मिमी जास्तीचं चित्र सोडा, ते कापण्यात जातं. भावना वगैरे नंतर.

निवांत_नाही
"भावना वगैरे नंतर" हाहाहा. हे फ्रेम करून लावा दुकानात

टाकीवरची
मी पलीकडच्या बाजूची. चौदा वर्षांची होते. आमच्या भागातली पाण्याची टाकी काढली होती, सहा पायांची, कारण तिला सहाच पाय आहेत. मोजून काढले होते. छापून आली तेव्हा चार पाय. चित्रकार काकांना विचारलं तर म्हणाले चार बरे दिसतात. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत सगळ्यांची नावं, त्यात माझंही. आईने तो नकाशा दारामागे लावला. मी तिकडे बघायचेच नाही. अजूनही कुठे टाकी दिसली की पाय मोजते, सवयच लागली. बाळ उठलं, नंतर लिहिते

कोनमापक
रेघोटी, तो कुत्रा फार आवडला. वास्तुरचना शिकताना शहररचनेचे अभ्यासक केव्हिन लिंच डोक्यात बसवले होते. लोक मनात शहर कसं धरून ठेवतात याचे त्यांनी १९६० मध्ये पाच घटक मांडले: रस्ते, कडा, विभाग, चौक आणि खुणा. पुढे १९७० च्या दशकात युनेस्कोच्या प्रकल्पात त्यांनी वेगवेगळ्या देशांत, शहरात वाढणाऱ्या मुलांकडूनच नकाशे काढून घेतले. १९९० च्या दशकात संशोधक लुईझ चॉला यांनी तेच काम परत हाती घेतलं. आम्ही मोठ्या ऐटीत ते पाच घटक घेऊन एका वर्गात गेलो आणि मुलांची चित्रं त्यांत बसवायला लागलो. आमच्याकडेही एक कुत्रा निघाला! खूण म्हणावी तर जागेवर थांबत नाही. शेवटी कळलं, ती कड आहे. तिच्यापलीकडे कुणीच जात नव्हतं.

रेघोटी
कुत्रा म्हणजे कड! हे तेव्हा सुचलं असतं तर बैठकीत तोंडावर मारलं असतं.

पुढचा_थांबा
आमचे बाबा नकाशा उलटा धरतात आणि मग उत्तर दिशेशीच भांडतात. फोनमधली बाई डावीकडे म्हणाली की हे उजवीकडे, वर "तिला काय कळतंय". मागे तर एका लग्नाला निघालो आणि दुसऱ्याच लग्नात जाऊन बस

पुढचा_थांबा
बसलो. सॉरी, बस आली होती. (खरी बस.)

घडीमोड
आहेर दिलात की नाही?

पुढचा_थांबा
देऊन झाल्यावर कळलं

सातवी_ब
वर्गात दोनदा केलंय. पहिल्यांदा एक गोष्ट अंगाशी आली. मुलांनी विश्वासाने दाखवलेली बसायची जागा आम्ही नकाशात टाकली, महिनाभरात तिथे मोठ्या मुलांचा अड्डा. पोरं माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या वेळी तीन रंगांचे ठिपके दिले: सगळ्यांना सांगा, वर्गातच राहू दे, कुणालाच नको. तिसऱ्या रंगाचे कागद ज्याचे त्याने घरी नेले, मी पाहिलेसुद्धा नाहीत. आणि कुणाचं घर कधीही नकाशात नाही, हा नियम दोन्ही वेळा.

अजून एक. मुलग्यांचे रस्ते दोन-दोन कागदांवर पसरलेले, मुलींचे कोपऱ्यावर संपलेले. मुलं कुठे-कुठे फिरतात याचा अभ्यास करणाऱ्या रॉजर हार्ट यांनाही १९७० च्या दशकात हेच दिसलं होतं, मुलग्यांना लांबवर जायची मुभा जास्त. एकीने तर घराच्या खिडक्याच काढल्या, प्रत्येकीतून काय दिसतं ते. मी मूर्खासारखं विचारलं, बाळा, शहर कुठंय? तिने मान खाली घातली आणि एका खिडकीत घाईघाईने बाग काढली. ती बाग मी काढायला लावली, दुसरं काय.

टाकीवरची
आले परत. सातवी ब, तुम्ही "पाहिलेसुद्धा नाहीत" म्हणता ना, तशा बाई हव्या होत्या आम्हाला.

शून्यपूर्णांक
ते रंगीत ठिपके लाल आणि हिरवे नव्हते ना? मला दोन्ही सारखेच दिसतात. बऱ्याच पुरुषांना असा त्रास असतो, म्हणजे वर्गात एखादा असूच शकतो. ठिपक्यांऐवजी गोल, चौकोन, त्रिकोण ठेवा.

सातवी_ब
लाल, हिरवा, पिवळा. अरे देवा.

निवांत_नाही
विषय निघालाच आहे तर, काळी रेघ कशाने काढता? जलरंगाचा हात फिरवला की माझी शाई फुटते

रेघोटी
पिगमेंट शाईचं पेन घ्या आणि नीट वाळू द्या. आपण घाई करतो हाच खरा आजार.

चाकांवरून
रेघोटी, तुमचा सावलीचा जिना छान असेल. मला तो भिंतच. व्हीलचेअरवरून शाळेत जायचे तेव्हा कुणी नकाशा काढायला दिला असता तर चार जागा आणि बाकी कोरा कागद झाला असता. तिथेही कुणीतरी झाडं काढली असती म्हणा.

रेघोटी
काढली असती. मीच काढली असती. जिन्याबद्दल तीसातल्या एकानेही काही म्हटलं नव्हतं, आणि आम्ही बोलावलेल्यांत चाकांवरून येणारं कुणीच नव्हतं, हे आत्ता तुम्ही लिहिल्यावर लक्षात येतंय.

कोनमापक
त्या गल्लीत पुढे दिवा लागला का?

रेघोटी
माहीत नाही. प्रश्न वाचून मगाचपासून आठवायचा प्रयत्न करतेय. त्या गल्लीत मी गेलेच नव्हते कधी. मुलांच्या कागदावरून काढली, आणि झाडं मनाने.

घडीमोड
मूळ फाइल असेल तर पाठवा, झाडं काढून बघू काय होतंय. घडी मात्र मी ठरवणार.

निवांत_नाही
सगळं झालं, फोटो अजून नाही