भाची व्हेंटिलेटरवर आहे, डॉक्टर रिसर्चसाठी सही मागून राहिले, द्यायची का?

मामा_मानेवाडा
माझी भाची ४ वर्षांची, न्यूमोनिया झाला अन् आता व्हेंटिलेटरवर आहे, रामदासपेठेत. आज डॉक्टरनी ताई-भाऊजींना बोलावून सांगितलं की एक स्टडी चालू आहे, काही पोरांचा रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या वर ठेवतात अन् काहींचा ८८ ते ९२, कोणता गट ते कम्प्युटर ठरवणार. ताई ऐकूनच रडायला लागली. मॉनिटरवर ९१ दिसलं की आमचा जीव खालीवर होते अन् हे मुद्दाम कमी ठेवतो म्हणून राहिले! फॉर्म सगळा इंग्रजीत, भाऊजी म्हणतात तूच वाच अन् तूच सही कर. नाही म्हटलं तर पोरीकडे दुर्लक्ष करतील का, ही भीती जास्त आहे.

तर्रीपोहे
साफ नाही म्हणा भाऊ. पोरगी काय प्रयोगाचा उंदीर आहे? ऑक्सिजन किती द्यायचा हे डॉक्टरलेच माहीत नसेल तर कोणाले माहीत राहील बापा

नाईटड्युटी
मी लहान मुलांच्याच आयसीयूत सिस्टर आहे. तर्रीपोहे, तुमचा राग समजते पण खरं सांगायचं तर बऱ्याच गोष्टी खरंच माहीत नसतात, मोठ्यांवरून अंदाज घेऊन पोरांना देतात. शॉकमधल्या (रक्ताभिसरण ढासळलेल्या) पोराला भराभर सलाईन द्यायचं, हे तर सगळीकडे शिकवायचे ना? आफ्रिकेत युगांडा, केनिया, टांझानियात ३००० च्या वर तापाच्या गंभीर पोरांवर फीस्ट नावाची ट्रायल झाली, २०११ मध्ये रिझल्ट आला, तर भराभर सलाईन दिलेल्यांत ४८ तासांत १०.५ टक्के पोरं गेली अन् न दिलेल्यांत ७.३. कोणालाच असं वाटलं नव्हतं. (तिथे व्हेंटिलेटर वगैरे नव्हते, म्हणून उद्या जाऊन डॉक्टरला सलाईन बंद करा म्हणू नका, डेंग्यूच्या शॉकचं गणित वेगळं आहे.) रक्ताचंही तसंच, रक्त चढवायला हिमोग्लोबिन ७ पर्यंत थांबलं तरी स्थिर पोरांचा निकाल तेवढाच चांगला येते हे २००७ च्या ट्रायलमुळे कळलं, नाहीतर ९ ला पण बाटली लागायची.
आता तुमचा ऑक्सिजन. ९८ दिसावा म्हणून मशीनचं प्रेशर अन् ऑक्सिजन वाढवत नेला तर फुफ्फुसालाच मार बसतो. ब्रिटनमध्ये २००० च्या वर पोरांवर हाच ८८-९२ चा प्रयोग झाला, २०२३ मध्ये आला, कमी ठेवलेल्यांचं थोडं चांगलंच निघालं. फरक लहान होता, पण वाईट नाही निघालं. अन् पोरगी ढासळली तर कोणता गट ते बघत कोणी बसत नाही, डॉक्टर ऑक्सिजन वाढवतातच.
सही आई-बाबांचीच लागते, मामाची चालत नाही. मराठी फॉर्म मागा, तो द्यावाच लागते. सीटीआरआयचा (भारतातल्या अशा स्टडींची सरकारी नोंदणी) रजिस्ट्रेशन नंबर विचारा, त्या साईटवर स्टडी दिसली पाहिजे. एथिक्स कमिटीचा (स्टडीला परवानगी देणारी समिती) फोन नंबर फॉर्मवरच असतो. जास्तीचं रक्त काढणार का, काढणार असतील तर आधीच लावलेल्या नळीतूनच का, हे पण विचारा.

बेसारोडची_आई
आम्ही नाही म्हटलं होतं, मुलाच्या वेळी, स्टडी दुसरी होती. कोणी तोंड वाकडं केलं नाही, त्याच सिस्टर, तीच सक्शन, तोच राऊंड. मला राग फक्त एका गोष्टीचा आला, बिलिंगच्या लायनीत उभी असताना फॉर्म पुढे केला. तुम्ही सरळ सांगा की संध्याकाळी बसून समजावून सांगा, आज्जी-आबा असतील तर त्यांनाही बसवा, नंतर तेच जास्त बोलतात.

तर्रीपोहे
ठीक आहे सिस्टर, पण पोरीला काही झालं तर खर्च कोण करणार ते पण लिहून घ्या. फुकटात काहीच नसते.

नाईटड्युटी
ते फॉर्ममध्ये असलंच पाहिजे, स्टडीमुळे त्रास झाला तर उपचाराचा खर्च अन् भरपाई कोणाची ते. नसेल तर सही करू नका.

मामा_मानेवाडा
मराठी फॉर्म भेटला, होता त्यांच्याकडे, दिला नव्हता. भाऊजी वाचून राहिले. ताईचा एकच प्रश्न आहे, आज हो म्हटलं अन् मधातच मन बदललं तर काढता येते का?

नाईटड्युटी
येते. केव्हाही, कारण न सांगता. फक्त ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगा, रजिस्टरमध्ये लिहायला लावा.