अमेरिकेत प्री-व्हेट शिकताना मायनर घ्यावा का?

माळरान यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका राज्य विद्यापीठात जीवशास्त्र हा मुख्य विषय घेऊन दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. पदवीनंतर पशुवैद्यकाच्या चार वर्षांच्या डीव्हीएम अभ्यासक्रमाला जायचे, हे मी शाळेत असतानाच ठरवले होते. येथे प्री-व्हेट, म्हणजे त्याआधीची तयारी, ही बहुतेक ठिकाणी स्वतंत्र पदवी नसते. कोणताही मुख्य विषय घ्यावा आणि त्याच्या जोडीने व्हेट स्कूलला लागणारे विषय पुरे करावेत, अशी रीत आहे. त्यामुळे सोबत मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा लहान दुय्यम विषय, घ्यायचा की नाही, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

आमच्याकडे मायनरसाठी १८ क्रेडिट, म्हणजे साधारण सहा विषय लागतात. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. रसायनशास्त्राचे बहुतेक विषय मला तसेही करायचेच आहेत, त्यामुळे तो मायनर एका जादा विषयात पुरा होईल. स्पॅनिश मी शाळेत चार वर्षे शिकले असल्याने त्यातले दोन विषय माफ होऊन चार उरतात. तिसरा पर्याय बिझनेसचा. प्रवेश मिळाला नाही तर हाताशी काहीतरी असावे, म्हणून बाबांचा त्यासाठी आग्रह आहे, परंतु त्यातले सहाही विषय मला नव्याने करावे लागतील.

अडचण अशी आहे की, पुढच्या सत्रात ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा दुसरा भाग, भौतिकशास्त्र आणि जनुकशास्त्र एकत्र आले आहेत. त्यात मायनरचा विषय धरला तर १७ क्रेडिट होतात आणि शनिवारी मी कुत्र्यामांजरांच्या ज्या दवाखान्यात जाते, तेथे जाणे थांबवावे लागेल. तेथे माझे आतापर्यंत १४० तास झाले आहेत. गेल्या आठवड्यात पुण्याच्या मावशीने फोनवर विचारले, "तुमच्याकडे नीट परीक्षा नाही, तर प्रवेश देतात तरी कशावर?" मला तिला नेमके सांगता आले नाही, आणि तेव्हापासून मायनरचा प्रश्न अधिकच छळतो आहे. आपल्यापैकी जे या वाटेने गेले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिसरे_वर्ष यांचे उत्तर

मी सध्या डीव्हीएमच्या तिसऱ्या वर्षात आहे. तुमच्या मावशींच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मायनरचे उत्तर त्यातच आहे. बहुतेक व्हेट स्कूलचे अर्ज व्हीएमकॅस या सामाईक यंत्रणेतून जातात. त्या अर्जात महाविद्यालयात घेतलेला प्रत्येक विषय त्याच्या श्रेणीसह भरावा लागतो आणि त्यावरून एकूण सरासरी व विज्ञान विषयांची सरासरी वेगवेगळी काढली जाते. अनुभवाचे तासही वेगवेगळ्या रकान्यांत जातात: पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली केलेले काम एकीकडे, पशुवैद्यक सोबत नसताना गोठ्यावर किंवा प्राण्यांच्या निवाऱ्यात केलेले काम दुसरीकडे, संशोधन तिसरीकडे. त्याशिवाय शिफारसपत्रे असतात आणि त्यांपैकी किमान एक पशुवैद्यकाचे असावे, अशी अनेक संस्थांची अपेक्षा असते. मायनर लिहायला या सगळ्यात एका ओळीची जागा आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मानसशास्त्राचा मायनर मी मोठ्या हौसेने पूर्ण केला होता. पहिल्या वर्षी मला कोठेही प्रवेश मिळाला नाही. एका संस्थेने नापसंत अर्जावर फोनवरून चर्चा करण्याची सोय ठेवली होती, ती मी घेतली. समोरच्या बाईंनी २० मिनिटे आस्थेने बोलून माझ्या अर्जातील उणिवा सांगितल्या. भौतिकशास्त्रात मला सी श्रेणी मिळाली होती आणि माझे सगळे तास एकाच लहान दवाखान्यातले होते. गाय, घोडा, मेंढी यांच्याजवळ मी कधी उभीसुद्धा राहिले नव्हते. मायनरचा विषय त्या संभाषणात एकदाही निघाला नाही. फोन ठेवल्यावर मी जुनी गुणपत्रिका काढून पाहिली, तर भौतिकशास्त्रातली ती सी श्रेणी नेमकी त्याच सत्रातली होती, ज्यात मी मायनरचे दोन विषय एकदम उरकले होते. पुढचे वर्ष मी गाईगुरांच्या एका डॉक्टरांबरोबर फिरण्यात घालवले आणि दुसऱ्या खेपेला प्रवेश मिळाला.

म्हणून माझे मत असे आहे की, मायनर चांगला की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवून, त्या एका विषयाच्या बदल्यात तुमचे काय जाणार आहे ते पाहावे. तुमच्या बाबतीत शनिवार जाणार आहे आणि १४० तासांवर थांबणे तुम्हाला परवडणारे नाही. रसायनशास्त्राचा मायनर एका विषयावर अडला असला, तरी तो विषय कोणता आहे हे आधी पाहा. प्रयोगशाळेचे चार तास मागणारा ॲनालिटिकल केमिस्ट्रीचा विषय असेल, तर त्याऐवजी संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पशुपोषण घेतलेले अधिक उपयोगी पडेल. प्रत्येक व्हेट स्कूलची अट निराळी असते आणि हे विषय काही संस्था मागतात, काही मागत नाहीत. तुम्ही जेथे अर्ज करणार आहात, त्या संस्थांच्या अटींचा तक्ता आजच तयार करा. मी तो तिसऱ्या वर्षाच्या शेवटी केला, आणि एका विषयापायी मला दोन संस्था यादीतून काढाव्या लागल्या.

आई_न्यूजर्सी यांचे उत्तर

माझा मुलगा गेल्या वर्षीच या चक्रातून गेला, म्हणून पैशांच्या बाजूने दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. अनेक विद्यापीठांत एका सत्रात १२ ते १८ क्रेडिटपर्यंत शुल्क एकच असते, त्यामुळे त्या मर्यादेत बसणारा मायनर फुकट पडतो असे वाटते. परंतु त्याच्यामुळे एक सत्र जरी वाढले, तरी त्या सत्राचे शुल्क आणि राहण्याजेवण्याचा खर्च दोन्ही अंगावर येतात, आणि पुढे डीव्हीएमची चार वर्षे बहुतेकांना कर्जावरच काढावी लागतात.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. काही व्हेट स्कूल पूर्वअटींचे विषय पुरे असतील तर पदवी हातात नसतानाही प्रवेश देतात. आमच्या मुलाचा एक मित्र असा तीन वर्षांतच निघून गेला. असे घडले, तर अर्धा झालेला मायनर तेथेच राहतो.

तुमचे आईवडील कोणत्या राज्यात राहतात, हे तुम्ही लिहिलेले नाही. राज्याच्या व्हेट स्कूलमध्ये त्या राज्यातील रहिवाशांना जागा आणि शुल्क या दोन्हींत बहुधा झुकते माप मिळते, आणि शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात राहिल्याने आपण आपोआप तेथील रहिवासी ठरत नाही. न्यू जर्सीत तर २०२५ मध्ये रोवन विद्यापीठाचे व्हेट स्कूल सुरू होईपर्यंत एकही नव्हते, त्यामुळे येथील मुलांना बाहेरच जावे लागे.

तुमच्या वडिलांची काळजी मला समजते, आणि ती अनाठायी नाही. पुढे स्वतःचा दवाखाना काढायचा झाला तर हिशेब, पगार, कर्जाचे हप्ते हे सगळे कळावेच लागते. मात्र त्यासाठी सहा विषय कशाला? अकाउंटिंगचा एक विषय मन लावून करा आणि तो केल्याचे वडिलांना दाखवा.

परळकर यांचे उत्तर

मी परळच्या बॉम्बे व्हेटरनरी कॉलेजचा माजी विद्यार्थी. अमेरिकेत आल्यावर परदेशी पदवीधर पशुवैद्यकांसाठीच्या ईसीएफव्हीजी प्रमाणपत्राच्या सर्व पायऱ्या आणि परवान्यासाठीची नॅव्हली परीक्षा पार करून परवाना मिळवला, आणि गेली अनेक वर्षे विस्कॉन्सिनमध्ये दुभत्या जनावरांची प्रॅक्टिस करतो आहे. वयाने पुष्कळ मोठा असल्यामुळे तुला एकेरीत लिहितो.

मावशीला असे सांग की, महाराष्ट्रात नीटच्या गुणांवर यादी लागते आणि नाव यादीत आले की पशुवैद्यकाची साडेपाच वर्षे सुरू होतात. येथे मात्र उमेदवाराचा सगळा अर्ज वाचला जातो आणि हे काम नेमके काय आहे ते या मुलीने जवळून पाहिले आहे का, हे त्यात शोधले जाते. वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तरीही स्पॅनिशबद्दल मला थोडे वेगळे सांगायचे आहे, आणि ते मायनरबद्दल नसून भाषेबद्दल आहे.

येथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मी एका मोठ्या गोठ्यावर गेलो होतो. पहाटेची धार चालू होती. दूध काढणाऱ्या एका माणसाने माझी बाही धरून मला एका गाईपाशी नेले आणि स्पॅनिशमधून काहीतरी परोपरीने सांगू लागला. मला त्यातले अक्षरही कळले नाही. मी गाईचा ताप पाहिला, कास पाहिली, काही सापडले नाही आणि मी पुढच्या गाईकडे वळलो. दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी त्याच गाईच्या डाव्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून बोटाने टिचकी मारली, आणि रिकाम्या पातेल्यावर मारावी तसा 'पिंग' आवाज आला. पोटाचा चौथा कप्पा वायूने फुगून डावीकडे वर सरकला होता. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गाईंमध्ये हा विकार दिसतो. गाय दोन आठवड्यांपूर्वी व्याली आहे आणि कालपासून खुराकाला तोंड लावत नाही, एवढेच तो माणूस मला सांगत होता. शस्त्रक्रिया झाली, गाय वाचली, पण एक दिवस तिने विनाकारण सोसला. गाईबरोबर रोज बारा तास काढणाऱ्या माणसाला जे दिसते, ते मला पाच मिनिटांत दिसणार नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. येथील मोठ्या गोठ्यांवर दूध काढणाऱ्यांमध्ये स्पॅनिश बोलणारे फार आहेत.

तेव्हा स्पॅनिश अवश्य शिक, मात्र त्यातले काय शिकतेस ते पाहून घे. मायनरच्या वरच्या विषयांत बहुधा साहित्य असते. ते सुंदर असते, पण तुझे काम संभाषणाच्या वर्गाने होईल, आणि तुमच्याकडे वैद्यकीय स्पॅनिशचा वर्ग असेल तर तोही घे. तेवढ्याने मायनर पुरा होत नसेल तर न होवो. पुढच्या सत्रात तर मुळीच घेऊ नकोस. ऑरगॅनिक आणि भौतिकशास्त्र एकत्र आहेत, तेवढेच पुष्कळ झाले.

माळरान

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. माझे आईवडील न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात, त्यामुळे तेथील माहिती माझ्या फारच कामाची आहे; मी मात्र शिकते त्याच राज्याची रहिवासी ठरेन, असे आजवर गृहीत धरून चालले होते.

काल रात्री बसून मी नऊ संस्थांचा तक्ता केला. त्यांपैकी चार संस्था संख्याशास्त्र मागतात, आणि माझ्या आराखड्यात तो विषयच नव्हता. रसायनशास्त्राच्या मायनरचा उरलेला विषय खरोखरच ॲनालिटिकल निघाला. आज सल्लागार बाईंना भेटून मी तो मायनर रद्द केला आणि तिसऱ्या वर्षी संख्याशास्त्र घेण्याचे ठरवले. पुढच्या सत्रात १४ क्रेडिट राहतील आणि शनिवारही टिकेल. बिझनेसबद्दल बाबांशी आज सायंकाळी बोलले. अकाउंटिंगच्या एका विषयावर ते राजी झाले, जरी लगेच नाही. स्पॅनिश संभाषणाचा वर्ग उन्हाळ्यात आहे, तो घेईन.

आता एकच विचारायचे आहे. मोठ्या जनावरांचा अनुभव मला शून्य आहे. गोठ्यावर जाणाऱ्या डॉक्टरांना ओळख नसताना विचारावे तरी कसे?

परळकर

फोन कर, ईमेलवर विसंबू नकोस. आम्ही दिवसभर गाडीत आणि गोठ्यात असतो. तुझ्या विद्यापीठाच्या परिसरात दुभत्या जनावरांची प्रॅक्टिस कोण करते ते पाहा आणि दुपारनंतर त्यांच्या कार्यालयात फोन लावून, एक दिवस गाडीतून सोबत येऊ द्याल का, एवढेच विचार. एका दिवसाला सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि त्या दिवशी वेळेवर पोचलीस, मध्ये मध्ये न करता उभी राहिलीस आणि बादल्या उचलल्यास, तर पुढचा दिवस तेच देतील. प्रत्येक दिवसाची तारीख, तास आणि पाहिलेली जनावरे त्याच रात्री वहीत लिही; दोन वर्षांनी व्हीएमकॅस भरताना आठवणार नाहीत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट स्वतःचे घे, आणि एका गोठ्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी ते तळव्यांसकट ब्रशने घासून, धुऊन, जंतुनाशकात बुडवून मगच गाडीत पाय ठेव. डॉक्टर सर्वांत आधी तुझे बूट पाहतील.