पुन्हा: मुलांच्या खोलीतला कन्सोल – नॅट टाइप ३, शनिवारच्या आत सुटायला हवं

प्रेषक: युवा विभाग

मंडळी नमस्कार,
पीएस५ वायफायला लागतो. टेस्टमध्ये आयपी अ‍ॅड्रेस मिळाला, इंटरनेट यशस्वी, साइन-इन यशस्वी, डाउनलोड ९४ एमबीपीएस. तरी पार्टी (मित्रांशी गटात बोलणं) लागत नाही. लागलीच तर आवाज एका बाजूनेच येतो. लॉबीत बोलावलं की समोरच्याला "सामील होता आलं नाही". नॅट टाइप ३ दाखवतो. डीएनएस ८.८.८.८ करून झालं. राउटरमध्ये पोर्टही (बाहेरून आत यायची दारं) उघडले – टीसीपी ३४७८, ३४७९, ३४८० आणि यूडीपी ३४७८, ३४७९. फरक शून्य. आता फॅक्टरी रीसेटच उरलाय, करू का?

---

प्रेषक: माजी खजिनदार

रीसेट करा की. आणि ८.८.८.८ नको, १.१.१.१ घाला, ते जलद आहे. सगळं बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, आधी मोडेम, तो पूर्ण उठला की राउटर, मग कन्सोल. हा क्रम कुणी पाळत नाही आणि मग यादीवर मेल येतात.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

क्रमाचं काकांचं बरोबर आहे, बाकी नाही. रीसेट अजिबात करू नका. टेस्टमधल्या तिन्ही गोष्टी यशस्वी आहेत, म्हणजे कन्सोल ठणठणीत आहे. उगाच पुसून ८०-८० जीबीचे गेम परत उतरवत बसाल.

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी डिरेक्टरी. पत्ता सापडला की तिचं काम संपलं. साइन-इनच होत नसेल, किंवा फोनवर स्टोअर उघडतं आणि कन्सोलवर नाही अशी तक्रार असेल, तेव्हा डीएनएस बदलून पाहावं. नॅट टाइपशी त्याचा संबंध नाही, पिंगशीही (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) नाही.

नॅट म्हणजे राउटरने आतली सगळी उपकरणं बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवणं. टाइप ३ म्हणजे तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. डाउनलोड, स्टोअर, साइन-इन हे सगळं आपण होऊन बाहेर जाण्याचं काम, म्हणून ते चालतं. पार्टीत मात्र दोन कन्सोल एकमेकांशी थेट बोलू पाहतात. दोन टाइप ३ समोरासमोर आले की बहुधा जमतच नाही. टाइप १ च्या मागे लागू नका, तो राउटर न लावता थेट जोडल्यावर मिळतो. आपल्याला २ पुरे.

पोर्ट उघडूनही फरक पडत नाही, म्हणजे मला दोन राउटरचा संशय आहे. राउटरच्या पानावर 'स्टेटस' किंवा 'इंटरनेट' खाली वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय दिसतो ते कळवा. कन्सोलचा नको, राउटरचा.

---

प्रेषक: सचिव

राउटरच्या पानावर युवा विभाग कसा गेला, हे आधी मला कळेल का? पासवर्ड कार्यकारिणीकडे असतो. त्या लाइनवर प्रिंटर आणि ऑफिसचा लॅपटॉप आहे. मागच्या वेळी "फक्त एक सेटिंग" बदलल्यावर काय झालं ते सर्वांना आठवत असेल.

---

प्रेषक: युवा विभाग

ताई, ऑफिसच्या डब्याला हातही लावलेला नाही. आम्ही गेलो तो खोलीतल्या राउटरवर, त्याचा पासवर्ड त्याच्याच तळाला चिकटवलेला आहे.
दादा, वॅन आयपी १९२.१६८.०.१४. राउटरचं पान १९२.१६८.१.१ वर उघडतं.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

सापडलं. वॅनचा पत्ता १९२.१६८ ने, १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू झाला, की तो राउटर इंटरनेटला नाही, दुसऱ्याच राउटरला जोडलेला असतो. ऑफिसमधला इंटरनेट कंपनीचा डबा नुसता मोडेम नाही, तोही राउटर आहे. तुम्ही आतल्या दाराची कडी काढलीत, बाहेरचं दार बंदच राहिलं. खात्री हवी तर खोलीतल्या लॅपटॉपवर 'ट्रेसर्ट ८.८.८.८' (वाटेतले राउटर दाखवणारी आज्ञा) चालवा. पहिल्या दोन्ही ओळींत खाजगी पत्ते आले की दोन नॅट.

उपाय दोन. एक, कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकायचं. मग तो नुसता मोडेम होतो, त्याचं वायफाय बंद पडतं आणि त्यावरची सगळी उपकरणं खोलीतल्या राउटरवर हलवावी लागतात. दोन, खोलीतल्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट करायचं. मग तो पत्ते वाटत नाही, फक्त वायफाय पसरवतो. ताईंचा प्रिंटर लक्षात घेता दुसराच बरा.

मेनूत 'एपी मोड' असेल तर तो निवडून रीस्टार्ट, काम संपलं. नसेल तर हाताने, आणि याच क्रमाने: लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. आधी राउटरचा लॅन आयपी (आतल्या बाजूचा पत्ता) बदलून १९२.१६८.०.२ करा (ऑफिसचा डबा पत्ते .१० पासून वाटतो की .२ पासून ते बघून घ्या, त्या पट्ट्याच्या बाहेरचाच आकडा हवा). नव्या पत्त्यावर परत लॉग इन करून मग डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा. शेवटी ऑफिसकडून आलेली केबल वॅनच्या खोबणीतून काढून लॅनच्या कुठल्याही खोबणीत घाला. वॅन रिकामी राहील, राहू दे. डीएचसीपी आधी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि राउटरचं पान उघडेनासं होतं. मग लोक म्हणतात राउटर बिघडला.

त्यानंतर ऑफिसच्या डब्यावर यूपीएनपी (उपकरणांना लागतील ते पोर्ट आपोआप उघडून देणारी सोय) चालू आहे का ते बघायचं. यूपीएनपी चालू असताना हाताने उघडलेले पोर्ट शिल्लक ठेवू नका, एकाच पोर्टवर दोन नोंदी भांडतात.

---

प्रेषक: माजी खजिनदार

इतका खटाटोप कशाला? ऑफिसच्या डब्यावर डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच पत्त्याकडे वळवणारी सेटिंग) १९२.१६८.०.१४ घाला. एका मिनिटात टाइप २.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

काका, टाइप २ येईलही. पण तो .१४ उद्या तोच राहील याची खात्री नाही. लीज (पत्त्याची मुदत) संपली, डबा रीस्टार्ट झाला, की तो पत्ता ऑफिसच्या लॅपटॉपला मिळू शकतो, आणि मग बाहेरून येणारं सगळं त्या लॅपटॉपच्या अंगावर. डीएमझेड करायचंच असेल तर आधी पत्ता राखून ठेवायला हवा. शिवाय दोन नॅट तसेच राहतात ते राहतातच.

राखीव पत्त्यावरून आठवलं: पीएस५ चा वायफायचा मॅक (उपकरणाचा ओळखक्रमांक) वेगळा आणि केबलचा वेगळा. वायफायवर असताना आरक्षण केलंत आणि नंतर केबल लावलीत, तर ते लागू होत नाही. ज्या मार्गाने खेळणार त्याच मार्गाचा मॅक घाला.

---

प्रेषक: सचिव

अ‍ॅक्सेस पॉइंटला माझी हरकत नाही. ऑफिसच्या डब्यावर यूपीएनपी मी स्वतः बघेन, पासवर्ड यादीवर मागू नये.

---

प्रेषक: एक सभासद

हाच धागा चाललाय म्हणून विचारते. आमच्याकडे निन्टेंडो स्विच कन्सोल आहे, नॅट सी दाखवतो. राउटर एकच आहे. वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो. हा तर खाजगी नाही ना?

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

ताई, खाजगी नाही आणि तुमचाही नाही. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा कंपन्यांनी स्वतःच्या नॅटसाठी (यालाच सीजीनॅट म्हणतात) वापरावा म्हणून २०१२ मध्ये राखून ठेवला. म्हणजे तुमच्या घरात एक नॅट आणि दुसरं कंपनीकडे, एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक घरं. आपला आयपी दाखवणारी साइट उघडा, तिथला आकडा आणि राउटरचा वॅन आकडा जुळणार नाही. इथे पोर्ट उघडून, डीएमझेड करून काही होत नाही, ते दार तुमच्या हातात नाही. कंपनीला "सीजीनॅटमधून काढा, पब्लिक आयपी द्या" असं याच शब्दांत सांगा. स्टॅटिक मागू नका, त्याची गरज नाही. बदलता असला तरी पब्लिक असला की पुरे.

---

प्रेषक: माजी खजिनदार

स्विच असेल तर वायफायवर खेळूच नये. ओएलईडी स्विचच्या डॉकला लॅनची खोबण आहे. पहिल्या स्विचच्या डॉकला नाही, त्याला यूएसबीचा लॅन अडॅप्टर लागतो. हे मी मागेही लिहिलं होतं.

---

प्रेषक: युवा विभाग

एपी मोड झाला (मेनूत होता). ताईंनी यूपीएनपी चालू केलं. नॅट टाइप २! पार्टी लागली, दोन्हीकडून आवाज.
पण दोन गोष्टी. डाउनलोड अजून ९४ वरच, प्लॅन ३०० चा आहे. आणि मधूनच गेम गचके खातो, पिंग २५ वरून ४०० वर जाऊन परत येतं.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

दोन वेगळी दुखणी.

९४ हा आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या केबल जोडणीवर वरचा खर्च वजा जाता तेवढंच हाती लागतं. म्हणजे ऑफिस ते खोली ही केबल गिगाबिटवर न बोलता १०० वर बोलतेय. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात: १, २, ३ आणि ६. उरलेल्यांपैकी (४, ५, ७, ८) एक तार तुटली किंवा क्लिपमध्ये (केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा जोड) नीट बसली नसली तरी जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते, तक्रार करत नाही. आधी दुसरी केबल लावून बघा, राउटरच्या पानावर पोर्टसमोर १००० दिसायला हवं. तरीही १०० च दिसलं तर जुन्या राउटरच्या खोबण्याच तेवढ्या असतील, मग केबलला दोष नको.

खेळायला ९४ भरपूर आहे, पिंग त्याने बिघडत नाही. फरक पडतो तो उतरवताना: ८० जीबीला ९४ ने जवळपास दोन तास, ३०० ने ३५-३६ मिनिटं.

गचके मात्र अपलोडचे वाटतात. पिंग उडतं तेव्हा ऑफिसच्या लॅपटॉपवरून फोटो क्लाउडवर चढत असतात का? अपलोड तुंबला की डब्यात रांग लागते, आणि गेमची चिमुकली पाकिटं त्या रांगेत अडकतात. डब्यावर एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग कंपनीकडे न लागता आपल्या ताब्यात राहते. नसेल तर खेळाच्या वेळी फोटो थांबवा.

लॅपटॉप बंद असूनही उडत असेल तर वायफाय. कन्सोल ५ गिगाहर्ट्झवर आहे का बघा. २.४ वरच ठेवायचा असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११, मधले नकोत, ते शेजारच्या दोघांवर चढतात.

---

प्रेषक: सचिव

फोटो मीच चढवत होते. शनिवारी दोन ते सहा थांबवेन.
केबल मात्र नवी आणू नये, ३० मीटर भिंतीतून टाकलेली आहे.

---

प्रेषक: माजी खजिनदार

केबल बदलायची नाहीच, क्लिपा बदलायच्या. दरवाजाखालून वळते तिथे नव्हे, खोलीच्या टोकाला तुटली असणार, दर वेळी तिथेच ओढाताण होते. शेवटचे १० सेंटिमीटर कापा, दोन्ही टोकांना एकच रंगक्रम ठेवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्या क्लिपच्या अगदी जवळ येईपर्यंत उलगडू नका, सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. आणि बाहेरचं आवरण क्लिपच्या आत दबलं पाहिजे, नुसत्या तारा नाहीत.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

काकांशी शंभर टक्के सहमत. फक्त आधी ऑफिसकडच्या टोकाचा रंगक्रम पाहून घ्या. तिथे हिरवा पहिला असेल तर खोलीकडेही तोच क्रम लावा.

---

प्रेषक: युवा विभाग

क्रिंपर (क्लिपा दाबून बसवायचं हत्यार) कुणाकडे आहे?

---

प्रेषक: सचिव

ऑफिसच्या कपाटात, खालचा कप्पा. क्लिपा पाकिटात सहा आहेत, मोजून ठेवल्या आहेत. खोलीतल्या राउटरच्या तळाचा पासवर्ड आजच बदला आणि नवा माझ्याकडे द्या.