मदत हवी आहे: सातबाऱ्यावर ६० गुंठे, मोजणीत ५३च भरतात

नमस्कार मंडळी. पुणे जिल्ह्यात वडिलांसाठी शेतजमीन घेतोय. विसार दिलाय, खरेदीखत बाकी आहे. वकिलांनी ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) काढला. फेरफार जुळतात, बोजा नाही. तरी मालकांना हद्द कायम मोजणी करायला लावली आणि घोडं तिथेच अडलं. भूकरमापकांनी रोव्हर (उपग्रहाच्या आधारे चालणारं मोजणी यंत्र) लावून खुणा दाखवल्या, तर पूर्वेचा बांध गट नकाशातल्या हद्दीच्या चांगलाच आत. पलीकडे शेजाऱ्यांचा ऊस उभा आहे. सात गुंठे त्यांच्या वहिवाटीत, आणि ते शपथेवर सांगतात की एकत्रीकरणापासून (जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले तेव्हापासून) बांध इथंच आहे. माणसं भली आहेत, भांडण नकोय.

सातबारा ही महसुली नोंद, त्याने मालकी सिद्ध होत नाही, एवढं माहीत आहे. माझी खरी काळजी १२ वर्षांची आहे. शेजाऱ्यांनी उद्या मुदत कायद्याखाली प्रतिकूल कब्जाचा दावा (१२ वर्षं मालकाविरुद्ध उघड ताबा आहे म्हणून जमीन आमचीच, असा) लावला, तर ६० गुंठ्यांचे पैसे मोजून मी कोर्टात उभा राहणार. वडिलांचं वय बघता ते अजिबात नको.

निमताना मोजणी (पहिल्या मोजणीवर अपील म्हणून होणारी फेरमोजणी) मागवावी की थेट ५३ गुंठ्यांचाच व्यवहार करावा? मग उरलेल्या सात गुंठ्यांची सातबाऱ्यावर नोंद कशी राहते? मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) खरेदीखताला जोडून चतुःसीमा त्याप्रमाणे लिहून घेतल्या, तर पुढे कितपत आधार मिळतो? मालक म्हणतात, शेजाऱ्यांचं संमतीपत्र आणून देतो. ते साध्या स्टॅम्पवर चालेल की नोंदणीकृतच हवं? असा व्यवहार प्रत्यक्ष निस्तरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, खरेदीखताची तारीख जवळ आली आहे.