मदत हवी आहे: समुद्रघोड्याची पिल्लं पाचव्या दिवसापासून वर तरंगतात

मंडळी, मी न्यू जर्सीत राहते. घरी हिप्पोकॅम्पस इरेक्टस जातीच्या समुद्रघोड्यांची जोडी आहे, दोघंही टँकमध्येच जन्मलेली. (भारतात समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, तेव्हा तिकडच्यांनी पाळायचा विचारसुद्धा करू नये.)

गेल्या रविवारी पहाटे नराने पोटावरची पिल्लांची पिशवी रिकामी केली. दीडएकशे पिल्लं असतील. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपण बापाने उरकलं, आता निस्तर तू!" आणि खरंच निस्तरतेच आहे.

पिल्लं गोल भांड्यात ठेवलीत, एका कडेने हवेचे बुडबुडे सोडून पाणी हळू फिरतं ठेवलंय. तापमान २४ अंश, खारेपणा १.०२४ (विशिष्ट गुरुत्व). दिवसातून चार वेळा ताजी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) देते. पहिले चार दिवस टिपून टिपून खात होती. पाचव्या दिवसापासून पृष्ठभागावर अडकतात, पोटात हवेचा फुगा दिसतो, शेपट्या एकमेकींत गुंततात आणि संध्याकाळपर्यंत संपतात. आज मोजली, फक्त ४१ उरलीत.

दिवा वरून आहे, त्या उजेडाकडे धावून हवा गिळत असतील का? भांड्याच्या कडा काळ्या कागदाने झाकून कुणाला फरक पडलाय?

दुसरं म्हणजे खाणं. अंड्यातून नुकत्या फुटलेल्या आर्टेमियाचं तोंडच उघडलेलं नसतं, म्हणून पोषक द्रव्य एक दिवसाने पाजावं लागतं. मी ते आत्तापर्यंत केलंच नाही, चूक माझीच. पण एवढ्यानेच इतकी मरतील?

ज्यांनी पिल्लं महिन्याच्या पुढे नेलीत, त्यांनी कृपया लवकर सांगा. पुढची खेप तीनेक आठवड्यांत येईल, नराचं पोट पुन्हा फुगायला लागलंय.